द्वारका चौकासाठी सुमो: मोफत सिम्युलेटर नाशिकच्या रहदारीला कितपत पुरतो?

द्वारका चौकात पुण्याहून येणारा रस्ता मुंबई-आग्रा महामार्गाला मिळतो. डोक्यावरून उड्डाणपूल, खाली सर्व्हिस रोड, सिटीलिंकच्या आणि एसटीच्या बस, रिक्षा, मालाचे ट्रक, छोटे हत्ती, आणि या सगळ्यांच्या फटीतून पुढे सरकणाऱ्या दुचाक्या. इथलं एखादं वळण बंद केलं, सिग्नलची वेळ बदलली किंवा रिक्षाथांबा पन्नास मीटर मागे नेला, तर रांग कमी होईल की शेजारच्या चौकात जाऊन साचेल? प्रत्यक्ष रस्त्यावर प्रयोग करून उत्तर शोधायचं म्हटलं तर त्याची किंमत रोज तिथून जाणारे लोक मोजतात. म्हणून विद्यापीठांतले वाहतूक संशोधक आधी संगणकावर चौक उभा करतात, आणि त्यासाठी जगभर सर्रास वापरलं जाणारं साधन म्हणजे सुमो, रस्त्यावरचं प्रत्येक वाहन संगणकावर वेगळं चालवून दाखवणारं सॉफ्टवेअर. नाशिकमधल्या स्थापत्यच्या शेवटच्या वर्षाच्या आणि एम.ई.च्या विद्यार्थ्यांनी ते घ्यावं का, आणि घेतलं तर नेमकं कुठे फसायला होतं, ते इथे लिहितो आहोत.

आमचं मत आधीच सांगतो. सुमो जरूर घ्यावं. पण डाउनलोड करून, नकाशा उतरवून, चालू करून पडद्यावर जे दिसतं त्यावर अहवालात एक ओळही लिहू नये. मूळ मांडणीत जी रहदारी धावते ती लेन पाळणारी युरोपीय रहदारी आहे. तिला नाशिकचं रूप द्यायला सॉफ्टवेअरमध्ये सोय आहे, पण ती बंद ठेवलेली असते आणि ती चालू करणं आपल्यावर असतं.

जर्मनीच्या डीएलआर या अवकाश संशोधन केंद्राच्या बर्लिनमधल्या वाहतूक संस्थेने सुमो घडवलं आणि २००१ मध्ये मुक्त स्रोत म्हणून खुलं केलं. आता ते मुक्त स्रोत प्रकल्प सांभाळणाऱ्या एक्लिप्स फाउंडेशनच्या छत्राखाली आहे. परवान्याला पैसे नाहीत, रस्त्यांच्या जाळ्याच्या आकाराला किंवा वाहनांच्या संख्येला मर्यादा नाही, कोड वाचता येतो, बदलता येतो. आपल्याकडच्या संशोधनात पीटीव्ही कंपनीचं विसिम हे याच कामाचं सॉफ्टवेअरही भरपूर वापरतात. त्याचा पडदा जास्त सोपा आणि देखणा आहे, पण पूर्ण परवाना विकत घ्यावा लागतो. प्रकल्प संपल्यावरही हातात राहील असं साधन हवं असेल तर सुमोला तोड नाही.

नकाशा आणतानाच होणाऱ्या चुका

सुमोसोबत ओएसएम वेब विझार्ड नावाची पायथन स्क्रिप्ट येते. ब्राउझरमध्ये नकाशा उघडतो, चौकट ओढून भाग निवडायचा, की ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरून रस्ते उतरतात. द्वारकेसाठी चौकट निदान एवढी मोठी घ्या की प्रत्येक बाजूची रांग चौकटीच्या आत मावेल. मुंबई नाका आणि पुणे रस्त्यावरचा पुढचा मोठा चौक आत यायलाच हवा, नाहीतर मागच्या चौकातून वाहनं घोळक्याने सुटतात हा परिणामच हरवतो.

पहिली चूक: डाव्या बाजूने वाहतूक हा पर्याय निवडायला विसरणं. मग दुहेरी रस्त्यांवर सगळं नाशिक उजवीकडून धावतं. गंमत अशी की एकेरी रस्ते आणि दुभाजक असलेले रस्ते बरोबरच दिसतात, कारण त्यांची दिशा नकाशातूनच येते. त्यामुळे चूक चटकन डोळ्यात भरत नाही. उजवं वळण कुठल्या प्रवाहाला छेदतं ते एका चौकात हळू वेगाने बघा, लगेच कळेल.

दुसरी चूक वेगाची. नकाशात कमाल वेगाचा टॅग नसला तर सुमो रस्त्याच्या दर्जावरून वेग ठरवतं, आणि मूळ तक्त्यात मुख्य रस्त्याला ताशी १०० किमी वेग मिळतो. सुमोत वेग मीटर प्रतिसेकंदात लिहायचा असतो: ताशी ३० म्हणजे ८.३३, ४० म्हणजे ११.११, ५० म्हणजे १३.८९. प्रत्येक रस्त्याचा वेग नेटएडिट या सुमोच्या जाळं-संपादकात हाताने तपासा. हे कंटाळवाणं काम टाळलं तर शेवटच्या आकड्यांत काय गोंधळ होतो ते पुढे येईलच.

तिसरी गोष्ट उड्डाणपुलाची. जवळजवळचे बिंदू एकत्र करून एक चौक बनवण्याचा पर्याय नेटकन्व्हर्टमध्ये, म्हणजे नकाशाचं सुमोच्या जाळ्यात रूपांतर करणाऱ्या साधनात, आहे आणि मोठ्या चौकासाठी तो लागतोच. पण त्याचं अंतर मुळात १० मीटर धरलेलं असतं. उड्डाणपुलाचे आणि उतारांचे बिंदू खालच्या रस्त्याच्या बिंदूंच्या अगदी जवळ असतात, त्यामुळे वरचा आणि खालचा रस्ता एकाच चौकात गुंफला जाऊ शकतो. द्वारकेसारख्या ठिकाणी जोडणी आपोआप होऊ देऊ नका. कोणते बिंदू जोडायचे आणि कोणते वगळायचे ते नावानिशी सांगता येतं, तसंच सांगा.

मोजणीशिवाय काही नाही

रँडमट्रिप्स ही स्क्रिप्ट एका मिनिटात हजारो फेऱ्या बनवून देते. तिथेच बरेच प्रकल्प संपतात. कोण कुठून कुठे जातं हे तिला माहीत नसतं, ती फासे टाकते. तिचा उपयोग फक्त संभाव्य मार्गांचा साठा तयार करण्यापुरता आहे. खरं काम रूटसॅम्पलर करतं: तुम्ही मोजलेली वळणं त्याला द्यायची, ते साठ्यातून असे मार्ग निवडतं की प्रत्येक वळणावरची बेरीज तुमच्या मोजणीशी जुळेल.

चार रस्त्यांच्या चौकात डावं, सरळ, उजवं धरून १२ हालचाली होतात, यू-टर्न वेगळे. दर १५ मिनिटांचे आकडे घ्या, तासाचे नको, कारण गर्दीच्या तासातसुद्धा एखादी पंधरा मिनिटंच सगळा चौक तुंबवतात. शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून परवानगी घेऊन व्हिडिओ काढणं आणि नंतर निवांत मोजणं हेच खात्रीचं. उभं राहून मोजताना दुचाक्या हटकून सुटतात. वर्ग वेगळे ठेवा: दुचाकी, रिक्षा, कार, छोटा हत्ती, बस, ट्रक, सायकल.

सिग्नलच्या हिशोबासाठी या सगळ्यांचं कार-एककात, म्हणजे एक वाहन किती कारच्या बरोबरीचं या मापात, रूपांतर लागतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या १०६ क्रमांकाच्या संहितेत त्या वाहनाचा वाटा ५ टक्क्यांपर्यंत असेल तर एक गुणक आणि १० टक्के किंवा जास्त असेल तर दुसरा असे आकडे आहेत: दुचाकी ०.५ आणि ०.७५, रिक्षा १.२ आणि २.०, बस-ट्रक २.२ आणि ३.७. नाशिकमध्ये दुचाकीला ०.५ लावून मोकळं होणं ही नेहमीची चूक. दुचाकींचा वाटा १० टक्क्यांच्या कितीतरी वर आहे, तेव्हा संहितेप्रमाणे ०.७५ लागतो. नवा अभ्यास करणाऱ्यांनी केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेचं २०१७ चं इंडो-एचसीएम हे रस्त्यांच्या क्षमतेवरचं हस्तपुस्तकही जवळ ठेवावं. सुमोला मात्र रूपांतरित आकडे देऊ नका. त्याला खरी वाहनं द्या, कारण ते प्रत्येक वाहन वेगळं चालवतं.

दुचाकी फटीतून जाऊ लागते तेव्हा

सुमोची खरी परीक्षा इथे आहे. मूळ मांडणीत एका लेनमध्ये एकामागे एकच वाहन. एक स्कूटर ३.२ मीटर रुंद लेन अडवून उभी राहते आणि तिच्यामागे बस थांबते. असं दृश्य नाशिकमध्ये कुठेही दिसत नाही, आणि रांगेची लांबी यामुळे अव्वाच्या सव्वा येते.

उपाय म्हणजे सबलेन मॉडेल. लॅटरल रिझोल्यूशन हा पर्याय ०.८ मीटर ठेवला की ३.२ मीटरच्या लेनच्या चार पट्ट्या होतात आणि वाहनं लेनच्या आत आडवी सरकू लागतात. मग प्रत्येक वर्गाची मापं भरायची. दुचाकीला सुमो २.२ मीटर लांबी आणि ०.९ मीटर रुंदी आपणहून देतं, ते ठीक आहे. पण पुढच्या वाहनापासूनचं थांबलेलं अंतर, सायकल सोडली तर, या सगळ्यांना २.५ मीटर असतं. द्वारकेला थांबलेल्या दोन स्कूटरमध्ये एवढी जागा कोणी सोडत नाही. दुचाकीला ०.५ ते १, रिक्षाला १ पासून सुरुवात करा आणि व्हिडिओशी ताडून बघा. आडवं अंतर मुळात ०.६ मीटर आहे, दुचाकीला ०.२ ते ०.३ वर आणा. रिक्षासाठी नवा वाहनप्रकार बनवा, लांबी साधारण २.६ मीटर आणि रुंदी १.३ मीटर. लेनमधली जागा कुठे धरायची याला मुळात 'मध्यभागी' असं उत्तर असतं, दुचाकीसाठी ते बदलून कुठेही असं करा. नाहीतर सबलेन चालू असूनही सगळ्या स्कूटर शिस्तीत लेनच्या मधोमध चालतात, आणि लोक म्हणतात सबलेनने काही फरक पडला नाही.

इथे एक सापळा आहे. चालकाचा प्रतिसादकाळ, म्हणजे टाऊ, मुळात १ सेकंद असतो आणि सिम्युलेशनचं पाऊल, म्हणजे सुमो ज्या अंतराने हिशोब पुढे नेतं ती वेळ, तीही १ सेकंदाची. आपल्याकडचे चालक जवळून चालवतात म्हणून टाऊ ०.७ केला आणि पाऊल तसंच ठेवलं, की वाहनं एकमेकांवर आदळू लागतात. टाऊ पावलापेक्षा लहान चालत नाही. आधी पाऊल ०.५ सेकंद करा, मगच टाऊ खाली आणा. वेळ जास्त लागेल. साध्या लॅपटॉपवर सबलेनसह चित्र न दाखवता चालवा, चित्र फक्त तपासणीपुरतं उघडा.

आयआयटी मुंबईत सुमोच्याच पायावर मिश्र वाहतुकीसाठी सिमट्रॅम बनवलं गेलं, त्यातही रस्त्याच्या पट्ट्या पाडण्याचीच कल्पना होती. आता मूळ सुमोतच ही सोय असल्यामुळे नव्याने सुरुवात करणाऱ्याने मूळच वापरावं.

गायब होणारी वाहनं

सुमोमधली सगळ्यात धोकादायक सोय म्हणजे टेलिपोर्ट. एखादं वाहन ३०० सेकंद जागचं हललं नाही तर सुमो ते उचलतं आणि मार्गावर पुढे जिथे जागा असेल तिथे ठेवतं. हेतू चांगला: जाळ्यातल्या चुकीमुळे सगळं शहर अडकून बसू नये. पण द्वारकेचा प्रश्नच कोंडीचा आहे. कोंडी वाढली की सुमो वाहनं उचलून कोंडी फोडत जातं, आणि तुमची योजना यशस्वी झाल्यासारखी दिसते.

म्हणून लॉग, म्हणजे सुमो चालताना लिहीत जातं ती नोंद, उघडून वाचा. 'टेलिपोर्टिंग व्हेइकल' अशी ओळ येते, वाहनाचं नाव, जागा आणि कंसात कारण: जॅम, यील्ड किंवा राँग लेन. राँग लेन असेल तर जवळजवळ नेहमी नकाशातली जोडणी चुकलेली असते, त्या लेनमधून हवं ते वळणच नसतं. यील्ड असेल तर वाट देणाऱ्याला कधी फटच मिळत नाही. आमची शिफारस अशी: पहिल्या फेऱ्या ३०० सेकंदांवरच चालवा, टेलिपोर्ट कुठे होतात ती ठिकाणं शोधून जोडण्या दुरुस्त करा, आणि मग अंतिम फेऱ्यांसाठी ही वेळ उणे १ करा, म्हणजे अडकल्यामुळे होणारे टेलिपोर्ट बंद. पहिल्याच दिवशी उणे १ केलं तर एका चुकीच्या जोडणीपायी सगळं गोठतं आणि चूक कुठे आहे तेच सापडत नाही.

लॉगच्या शेवटी आणखी एक जागा बघायची. वाहनांच्या हिशोबात 'इन्सर्टेड', 'रनिंग' आणि 'वेटिंग' असे तीन आकडे असतात. वेटिंग म्हणजे रस्त्यावर जागा नाही म्हणून जाळ्यात शिरूच न शकलेली वाहनं. ती पडद्यावर दिसत नाहीत, रांगेत मोजली जात नाहीत. वेटिंग शेकड्यांनी असेल तर तुमची रांग चौकटीच्या बाहेर गेली आहे, चौकट मोठी करा. शिवाय प्रत्येक वाहन मुळात शून्य वेगाने आणि पहिल्याच लेनमधून शिरतं. सुरुवातीची लेन 'बेस्ट' आणि वेग 'मॅक्स' केला नाही तर कडेलाच खोटी कोंडी तयार होते.

सिग्नलचं गणित

नकाशात सिग्नल असेल तर नेटकन्व्हर्ट ९० सेकंदांचं अंदाजी चक्र बसवतं. त्याच्याशी आपल्या योजनेची तुलना करून इतके टक्के सुधारणा झाली असं लिहिणं चुकीचं आहे, तुलना चौकात स्टॉपवॉच लावून मोजलेल्या वेळेशीच हवी.

चक्रकाळासाठी वेबस्टर यांचं १९५८ चं सूत्र अजूनही पहिली पायरी आहे, आणि सुमोसोबतची एक स्क्रिप्ट ते लावूनही देते. दिवे बदलताना हरवलेल्या एकूण वेळेची दीडपट, त्यात ५ मिळवायचे, आणि १ मधून प्रवाह-गुणोत्तरांची (प्रत्येक टप्प्यातला मोजलेला प्रवाह भागिले संपृक्त प्रवाह, म्हणजे सलग हिरवा दिवा असता तर तासाला जास्तीत जास्त जाऊ शकणारी वाहनं) बेरीज वजा करून जे उरतं त्याने भागायचं. चार टप्पे, प्रत्येकी ४ सेकंद वाया, म्हणजे हरवलेली वेळ १६ सेकंद. गुणोत्तरांची बेरीज ०.७५ असेल तर २९ भागिले ०.२५, चक्र ११६ सेकंद. तीच बेरीज ०.८५ निघाली तर २९ भागिले ०.१५, चक्र १९३ सेकंद. बेरीज ०.१ ने चुकली आणि चक्र सव्वा मिनिटाने वाढलं. दुचाकीच्या गुणकाबद्दल वर बजावलं ते यासाठी, आणि म्हणूनच संपृक्त प्रवाहही अंदाजाने धरू नका. वेबस्टरचा ढोबळ संपृक्त प्रवाह रुंदीच्या मीटरमागे ५२५ कार-एकक प्रतितास, म्हणजे ७ मीटरला ३,६७५. रिक्षाथांब्याने त्यातला दीड मीटर खाल्ला असेल तर उरलेल्या साडेपाच मीटरचाच हिशोब करा.

जुळणी कशी तपासायची

मॉडेल प्रत्यक्षाशी जुळतं का, हे जीईएच कसोटीने बघतात. मोजलेलं आणि मॉडेलचं यांतल्या फरकाचा वर्ग, त्याची दुप्पट, भागिले दोघांची बेरीज, आणि त्याचं वर्गमूळ. निदान ८५ टक्के ठिकाणी उत्तर ५ च्या आत हवं. एका वळणावर तासाला १,२०० वाहनं मोजली आणि मॉडेलमध्ये १,०३० गेली असं धरू. फरक १७०, वर्ग २८,९००, दुप्पट ५७,८००, बेरजेने म्हणजे २,२३० ने भागलं की २५.९, वर्गमूळ ५.०९. थोडक्यासाठी नापास. १,०४० गेली असती तर ४.७८, पास.

सुमो दरवेळी तेच उत्तर देतं, कारण यादृच्छिकतेचं बीज, म्हणजे ज्या आकड्यापासून सगळे योगायोग काढले जातात तो, ठरलेलं असतं, २३४२३. एकाच फेरीवर विसंबू नका. निदान दहा वेगळी बीजं द्या, सरासरी आणि तफावत दोन्ही लिहा. योजनेचा फायदा या तफावतीपेक्षा लहान असेल तर तो फायदा नव्हे.

निकालात थांबलेला वेळ आणि वाया गेलेला वेळ असे दोन वेगळे रकाने असतात. थांबलेला वेळ म्हणजे वेग ०.१ मीटर प्रतिसेकंदाच्या खाली असतानाचा काळ. आपल्याकडे वाहनं पूर्ण थांबत नाहीत, इंच-इंच सरकत राहतात, म्हणून हा आकडा फसवा लहान येतो. वाया गेलेला वेळ वापरा. पण तो मोजला जातो रस्त्याच्या कमाल वेगाच्या तुलनेत, आणि तो वेग ताशी १०० राहून गेला असेल तर मोकळ्या रस्त्यावरही प्रत्येक वाहनाचा वेळ वाया गेल्याचं दिसेल.

जिथे सुमो कमी पडतं

चौकाच्या आत वाहनं ठरलेल्या अदृश्य रेषांवरूनच वळतात. उजवीकडे वळणारी रिक्षा समोरच्या प्रवाहात नाक घालून हळूहळू जागा करून घेते, ती चाल सुमोत नीट येत नाही. अधीरता आणि वाट न देण्याची शक्यता वाढवता येते, तेवढ्याने सिग्नल नसलेल्या चौकातली रेटारेटी उतरत नाही. दुभाजक असलेल्या रस्त्यावर राँग साइडने येणाऱ्या दुचाक्या दाखवायला उलट दिशेची वेगळी अरुंद लेन काढावी लागते. पादचारी झेब्रा क्रॉसिंगवरूनच जातात. प्रदूषणाचे गुणक युरोपीय हस्तपुस्तिकेतले आहेत, सीएनजी रिक्षाला त्यात चपखल वर्ग नाही, तेव्हा आधी आणि नंतर यांची तुलना करा, ग्रॅममधले आकडे छापू नका. आणि नाशिकसाठी सुचवली गेलेली मेट्रो निओ आली तर किती लोक दुचाकी सोडतील, हा प्रश्न सुमोचा नाहीच. त्याला घरोघरच्या प्रवास-सर्वेक्षणावर उभं असलेलं मागणीचं मॉडेल लागतं.

याउलट सिंहस्थासाठी ते मनापासून सुचवावंसं वाटतं. २००५ मध्ये पोप कोलोनला आले तेव्हा आणि २००६ च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनीत वाहतुकीचा अंदाज घ्यायला सुमो वापरलं गेलं होतं. काम त्याच जातीचं आहे: काही दिवस रस्ते बंद, बाहेरच वाहनतळ, तिथून शटल बस. सुमोत वाहनतळाला क्षमता देता येते, तो भरला की येणारी वाहनं कुठल्या पुढच्या तळाकडे वळवायची ते लिहिता येतं, ठरावीक वेळेला रस्ता बंद करता येतो. घाटाकडे जाणाऱ्या गर्दीसाठी अलीकडच्या आवृत्त्यांत जर्मनीतल्या युलिशच्या संशोधन केंद्राचं जुपेडसिम हे पादचाऱ्यांचं सिम्युलेटर जोडता येतं, ज्यात माणसं पट्ट्यांऐवजी मोकळ्या जागेत चालतात. २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत ३९ जण गेले. २०२७ साठी पंचवटीतल्या चिंचोळ्या रस्त्यांवर हे काम आत्ताच हाती घ्यायला हवं. सुरुवात शटल बसच्या एका फेरीपासून करा: तळावर भरायला किती मिनिटं, वाटेत किती, उतरायला किती, परत यायला किती. बस थांब्यावर लेन अडवून उभी राहते की बाजूला होते, हे सुमोत एका शब्दाने ठरतं आणि त्या एका शब्दाने मागच्या रस्त्याची क्षमता बदलते. जिथे बाजूला व्हायला जागाच नाही, तिथे कागदावरच्या आराखड्यात ती आहे म्हणून मॉडेलमध्ये देऊ नका.